डोंब्रोव्स्काबाईंच्या खिडकीचा पोपडा

त्या शुक्रवारी सकाळी लेम्युएल टेटमने एकच गोष्ट करायचं ठरवलं होतं, ती म्हणजे काहीही न करणं. बायकोला त्याने तसं कबूलही केलं होतं, एकदा अंथरुणात आणि एकदा गाडीची किल्ली घेताना. काहीही न करणं हे इतकं कष्टाचं काम असेल याची त्याला कल्पना नव्हती. (तुम्हा-आम्हालाही नसते. न्हाव्याने 'मान हलवू नका' म्हटलं की नेमकं तेव्हाच नाक खाजतं.)

"तू जायचं, दार उघडायचं, गँटसाहेबांना आत घ्यायचं, ते बघतील ते बघू द्यायचं आणि दार लावून परत यायचं," ओडेसा म्हणाली. "मधे कशाला हात लावायचा नाही."

"मी कशाला हात लावीन?"

"ते कोरिनच्या नळाला विचार."

कोरिन म्हणजे ओडेसाची थोरली बहीण. तिच्या न्हाणीघराचा नळ थेंब थेंब गळायचा, तो लेमने एका रविवारी दुरुस्त केला. तेव्हापासून तो गळत नाही, वाहतो. आणि टेटम मंडळी राहत होती कोरिनच्याच तळघरात, घर गरम करणाऱ्या भट्टीच्या शेजारी, त्यामुळे नळ वाहिला की पाणी थेट त्यांच्याच अंथरुणाची चौकशी करायला यायचं. कोरिनचा नवरा ड्वेन देवमाणूस. तो बोलायचा काही नाही. फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून खाली बघायचा आणि सुस्कारा सोडायचा. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

त्या तळघरातून सुटायचा एकच रस्ता होता, व्हाउचर. सरकारचं असतं ते. घर तुम्ही शोधायचं, भाड्यातला मोठा वाटा सरकार परस्पर घरमालकाला देतं, उरलेला तुम्ही द्यायचा. ऐकायला किती छान वाटतं. पण त्यासाठी ज्या यादीत नाव घालावं लागतं, ती टोलेडो शहरात अशी काही लांब आहे की ओडेसाने नाव घातलं तेव्हा लेकीचा, नेव्हाचा, जन्मही व्हायचा होता, आणि नंबर लागला तेव्हा नेव्हा शाळेत जाऊन आईबापाचे उच्चार सुधारायला लागली होती. बरं, मिळालं म्हणून संपलं असंही नाही. ठरल्या मुदतीत घर सापडलं नाही तर व्हाउचर परत जातं आणि तुम्ही पुन्हा यादीच्या शेपटाला. ही योजना ज्याने कुणी आखली, त्याने जन्मात भाड्याचं घर शोधलेलं नसणार, लावा पैज.

घरं होती. घरमालक नव्हते. म्हणजे फोनवर आवाज गोड असायचा, घर रिकामं असायचं, स्वयंपाकघरात ऊन यायचं. पण 'व्हाउचर' हा शब्द तोंडातून निघाला की त्याच क्षणी ते घर दुसऱ्या कुणाला तरी जायचं. "आत्ताच गेलं बघा बाई." एकदा ओडेसाने त्याच माणसाला आवाज बदलून परत फोन केला, तर घर परत आलेलं. याची तक्रार करता येते हे तिला ठाऊक होतं. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मुदत कुणासाठी थांबत नाही, हेही ठाऊक होतं.

मुदत अगदी काठावर आली तेव्हा भेटल्या हलिना डोंब्रोव्स्काबाई. वय झालेलं, एकट्या. नवरा रंगारी होता, तो मागे दोन घरं ठेवून गेला. एकात बाई राहायच्या, दुसरं आता भाड्याने द्यायचं होतं. त्यासाठी बाई एका वर्गाला जाऊन आल्या होत्या. घर देताना कुणाला काय विचारू नये, हे तिथे शिकवतात. त्या वर्गाने बाईंची झोप उडवली होती. रंग, धर्म, देश, आजारपण, मुलंबाळं, यातलं काहीही मनात धरून घर नाकारलं तर कायदा मानगूट धरतो, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की आलेल्या माणसाकडे बघायचंच त्यांनी सोडून दिलं होतं.

"हे मिस्टर टेटम, मी ओडेसा, आणि ही आमची नेव्हा," ओडेसाने ओळख करून दिली.

"मला कुणी दिसलेलं नाही," बाई छताकडे बघत म्हणाल्या.

"ही काय, तुमच्या पिशवीत डोकावतेय."

"मी मुलांबद्दल काही विचारलेलं नाही. तुम्ही दोघं साक्षीला आहात." मग छताकडे बघतच बाईंनी पिशवीतून खसखशीच्या गोड पावाचा तुकडा काढला आणि हात खाली केला. तुकडा नाहीसा झाला. "आणि हे मी कुणाला दिलेलं नाही."

व्हाउचरचं नाव काढल्यावर ओडेसाने श्वास रोखला होता. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "सरकार वेळेवर देतं ना? मग माझी काय हरकत." गाडीत बसल्यावर ओडेसा रडली. लेमही रडला असता, पण गाडी तो चालवत होता.

वरच्या मजल्यावरची लहान खोली नेव्हाची, हे नेव्हाने परस्पर ठरवून टाकलं. तिला स्वतःची खिडकी कधी नव्हतीच. तळघराला एक होती, तीही जमिनीलगत, तिच्यातून ड्वेनच्या गाडीचं चाक दिसायचं. या खिडकीतून झाड दिसत होतं, झाडावर खार होती, आणि खारीचं नाव काय ठेवायचं यावर नेव्हाच्या वर्गात मतदानसुद्धा झालं.

आता उरली होती फक्त तपासणी. व्हाउचरचं घर सरकारी इन्स्पेक्टरने, म्हणजे या गँटसाहेबांनी, पास केल्याशिवाय एक पेटीसुद्धा आत नेता येत नाही. आणि नापास झालं तर दुसरं घर शोधायला मुदत उरलेली नव्हती. एवढं सगळं त्या एका शुक्रवारवर टांगलेलं होतं, आणि त्या शुक्रवारी ओडेसाने सकाळची पाळी घेतलेली होती. डोंब्रोव्स्काबाई चर्चच्या तळघरात गेलेल्या. ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार, बायका मिळून बटाटा-चीजचे, करंजीसारखे पिरोगी करून विकतात, आणि बाईंच्या हाताशिवाय त्यांच्या कडा नीट मिटत नाहीत अशी ख्याती. म्हणून किल्ली लेमकडे आली. सगळ्या शहरात त्या दिवशी मोकळा असलेला माणूस एकच निघावा, आणि तो लेम.

लेम वेळेआधी पोहोचला. इथे पहिली चूक झाली. स्कूलबसच्या डेपोत गाड्या सोडायचं काम करणारा माणूस, वेळेआधी पोहोचणं त्याच्या हाडात भिनलेलं. दोन्ही हात खिशात घालून तो घरभर फिरला. शेगडीच्या चारही चुली पेटत होत्या (कोपराने पेटवल्या, हात खिशातच). धुराचा अलार्म ओरडला. गरम पाणी गरम होतं. कठडा हलत नव्हता. स्वतःच्या संयमाचं त्याला कौतुक वाटायला लागलं. मग तो नेव्हाच्या खोलीत गेला.

खिडकीच्या फळीवर, कडेला, रंगाचा एक पोपडा सुटला होता. नाण्याएवढा. बरोबर नेव्हाच्या हनुवटीच्या उंचीला. नेव्हाची रीत बापाला पक्की माहीत: जे सुटलेलं दिसेल ते सोलायचं, आणि जे सोललं ते तोंडात घालून बघायचं. तिने तळघराच्या भिंतीचीही चव घेतलेली होती. लेमने उजवा हात खिशातून काढला. एवढंसं टोक, नखाने उचलून टाकलं की झालं. यात कसलं आलंय 'हात लावणं'?

पोपडा निघाला, पण शेजाऱ्याला घेऊन निघाला. आता तिथे वाटीएवढी जागा उघडी पडली, तिचीही कड सुटलेली. ती कड सारखी करायला त्याने डेपोची किल्ली काढली. आरशापुढे एका बाजूची मिशी जरा जास्त कापली जाते, म्हणून दुसरी बारीक करावी लागते, म्हणून पुन्हा पहिली, आणि शेवटी माणूस सफाचट होऊन बाहेर येतो. ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. किल्लीने भागेना म्हणून लेम तळघरात गेला, तर तिथे कैलासवासी डोंब्रोव्स्कींची (पोलिश रीतीने बायको डोंब्रोव्स्का, नवरा डोंब्रोव्स्की) हत्यारं ओळीने टांगलेली. त्यातली रंग खरवडायची रुंद पट्टी त्याने घेतली.

जुना रंगारी आणि त्याचं स्वतःचं घर. दर काही वर्षांनी माणसाने हौसेने एक नवा हात मारलेला. पांढऱ्याखाली पिस्ता, पिस्त्याखाली पिवळा, पिवळ्याखाली गुलाबी, त्याखाली देव जाणे काय. फळी झाली तेव्हा चौकट वाईट दिसायला लागली. चौकट झाली तेव्हा खिडकीखालची भिंत. मधे एकदा लेमला ओडेसाचा आवाज आल्यासारखं झालं आणि तो थांबला, पण अर्धी भिंत तशी सोडणं म्हणजे उघड पुरावाच. म्हणून उरलेली अर्धीही केली. मग जमिनीवर ढीग झाला, तो त्याने झाडूने जोरजोरात झाडला, धूळ फार उडाली म्हणून खिडकी उघडली, आणि बाहेरचा मार्च महिन्यातला वारा आत येऊन ती धूळ घेऊन जिन्यापर्यंत फिरून आला.

दाराची घंटा वाजली.

गँटसाहेब म्हणजे उंच, वाकलेला, हळू बोलणारा माणूस. गुडघे कामातून गेलेले, कपाळावर चष्मा. खालचा मजला त्यांनी हूं हूं करत पाहिला आणि दर हूंला लेमचा जीव भांड्यात पडत गेला. वरच्या खोलीत मात्र लेम आधी धावला आणि खिडकीला पाठ टेकवून उभा राहिला, हात पसरून.

"हवा छान येते इथे," लेम म्हणाला.

"खिडकी उघडते?"

"उघडीच आहे."

"मला बघू द्या."

"माझ्या डोक्यावरून दिसेल तुम्हाला. तुम्ही उंच आहात."

गँटसाहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "मिस्टर टेटम, जरा वळता?"

लेम वळला. त्याच्या काळ्या कोटाच्या पाठीवर डोंब्रोव्स्की घराण्याचे सगळे रंग आले होते, पांढऱ्यापासून गुलाबीपर्यंत. गँटसाहेबांनी आधी पाठ पाहिली, मग भिंत पाहिली, मग पुन्हा पाठ पाहिली, आणि खोलीतली एकमेव वस्तू असलेल्या उपड्या बादलीवर बसले.

"हे कुणी केलं?"

"एक पोपडा होता, साहेब. एवढासा."

"एवढासा म्हणजे केवढा?"

लेमने बोटांनी दाखवला.

"एवढा?" गँटसाहेबांचा आवाज रडवेला झाला. "अहो, एवढ्याला मी म्हणतो, त्यावर दोन थेंब रंग लावून टाका, आणि पुढे जातो. घर एक नंबर आहे हो तुमचं. मी खाली बसून पास लिहीत होतो मनातल्या मनात. आता हे मी कुठे लपवू? इतक्या जुन्या घराच्या रंगात शिसं असतं. भिंतीवर गप्प बसलं असतं बिचारं. तुम्ही त्याची पूड केलीत, आणि ती लहान मुलांच्या पोटात गेली की मेंदूला बाधते." मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "घरात सहा वर्षांखालचं मूल आहे?"

लेमला डोंब्रोव्स्काबाई आठवल्या आणि त्याने छाती पुढे काढली. "मुलांबद्दल विचारायला कायद्याने बंदी आहे."

"घर नाकारायला बंदी आहे, विचारायला नाही. मी मुलाला घर नाकारत नाहीये, शिसं नाकारतोय. सांगा, वय काय?"

"सहा," लेम म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान हलतात, ते हलले.

तेवढ्यात खालून पावलं वाजली. ओडेसाची पाळी संपली होती, आणि शाळेला सुट्टी म्हणून नेव्हाला खार दाखवायला ती घेऊनच आली होती. नेव्हा धावत जिना चढली आणि उंबऱ्याशी गँटसाहेबांनी लांब हात आडवा घातला.

"थांब बाळा. आत नाही यायचं."

"पण ही माझी खोली आहे."

"हो का? किती वर्षांची तू?"

"पाच," नेव्हा म्हणाली. "सहाची उन्हाळ्यात होणार. बाबांनी सांगितलं नाही?"

नेव्हा त्या आडव्या हातावर हनुवटी टेकवून खिडकीकडे बघत राहिली. ओडेसा मागून आली, तिने भिंत पाहिली, कोटाची पाठ पाहिली. ती ओरडली असती तर लेमला बरं वाटलं असतं. ती नुसती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि तिने एक सुस्कारा सोडला. थेट ड्वेनसारखा. आयुष्यात इतकं वाईट लेमला कधी वाटलं नव्हतं, आणि वाईट वाटायचे प्रसंग त्याच्यावर काही कमी आले नव्हते.

डोंब्रोव्स्काबाईंना फोन गेला. त्या पिठाच्या हातांनीच आल्या. आता शिसं काढणारी परवानेवाली माणसं आणायची, मग धुळीची तपासणी, शहराकडून मदत मिळते पण तिला महिने लागतात, हे सगळं गँटसाहेबांनी त्यांना खाली मान घालून सांगितलं. बाई खिडकीजवळ गेल्या आणि त्यांनी तो खरवडलेला गुलाबी पाहिला.

"हा माझ्या झोफियाच्या जन्माच्या वेळचा," त्या म्हणाल्या. "मी विसरलेच होते इथे गुलाबी होता." त्यांचे डोळे भरले. मग त्यांना कायदा आठवला आणि त्या लगबगीने छताकडे बघायला लागल्या. "लहान मूल नसतं तर बरं झालं असतं, असं मी म्हटलेलं नाही. मनातही आणलेलं नाही. मला तुम्हीच हवे आहात, मिसेस टेटम. पण तोवर तुमची मुदत राहील का?"

राहणार नव्हती. ते सगळ्यांनाच माहीत होतं.

तरी सोमवारी टेटम मंडळी घरांच्या ऑफिसात गेली, मुदत वाढवून मागायला. काउंटरवर प्रॅदरबाई होत्या. थकलेल्या, सरळ, कुणाला खोटी आशा न दाखवणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा "पूर्ण भिंत?" एवढंच विचारलं.

"आधीची मुदतवाढ तुम्ही वापरलीत," त्या म्हणाल्या. "आता एकच दार उरतं. घरात कुणाला अपंगत्व असेल, आणि त्यामुळे घर मिळायला अडचण आली असेल, तर कायद्याने आम्हाला सवलत द्यावीच लागते. आहे का कुणी तसं?"

ओडेसा वळली आणि लेमकडे बघत राहिली. प्रॅदरबाईही बघायला लागल्या. त्यांच्या बघण्याची दिशा पाहून रांगेतले दोघं-तिघंही बघायला लागले.

लेमने टोपी काढली. "लिहा," तो म्हणाला. "माझं नाव लिहा. काय लिहायचं ते लिहा, मी नाही म्हणणार नाही. हिला ती खोली द्या फक्त."

हे तो विनोदाने म्हणाला नव्हता. नेव्हाने त्याचा अंगठा धरला होता.

"याला तुमच्या ओळखीचं कुणी दुजोरा देईल?" प्रॅदरबाईंनी हळूच विचारलं.

"गँटसाहेब देतील," ओडेसा म्हणाली. "त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. माझी बहीणही देईल. तिचा नळ देईल."

प्रॅदरबाईंनी पेन उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि खाली ठेवलं. "नाही हो, मिसेस टेटम. कायद्यात अपंगत्वाला सवलत आहे, स्वभावाला नाही. तशी असती ना, तर या काउंटरच्या अलीकडे मी बसलेच नसते, पलीकडे रांगेत उभी असते. माझ्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली."

झालं. व्हाउचर परत गेलं. इतकी वर्षं वाट पाहून आलेली गोष्ट परत जायला किती कमी वेळ लागतो ते लेमने त्या दिवशी पाहिलं. प्रॅदरबाईंनी एक कळ दाबली आणि पुढच्याला बोलवायच्या बेतात होत्या.

"थांबा," ओडेसा म्हणाली. "यादी उघडी आहे का?"

"आहे. या आठवड्यापुरती."

"मग घाला नाव. परत."

प्रॅदरबाईंनी सरळ बसून एकेक विचारायला सुरुवात केली. नाव, पत्ता. पत्ता कोरिनचं तळघर. माणसं किती. ओडेसा न थांबता सांगत गेली, पाठ असल्यासारखी. लेम मागे उभा होता, दोन्ही हात खिशात घालून.

"घरात सहा वर्षांखालचं कुणी? म्हणजे नंबर लागेल तेव्हा असेल असं. अंदाजाने सांगा."

"मी नसेन," नेव्हा म्हणाली. "मी तेव्हा मोठी असेन."

"तू नाहीस गं," ओडेसा म्हणाली, आणि प्रॅदरबाईंना सांगितलं, "एक लिहा. नवरा."

प्रॅदरबाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता तसं लिहून घेतलं. मग काउंटरखालचं शिशाच्या धोक्याचं रंगीत माहितीपत्रक काढून ओडेसाच्या हातात दिलं आणि प्रत्येक आईला सांगतात तसं तिला सांगितलं, "तोवर त्यांना खिडक्यांपासून लांब ठेवा, आणि काही खाऊ घालण्याआधी हात धुवायला लावत जा."